लग्न झालं, चौकट बंद

सकाळी हॉलची खिडकी उघडली आणि नाकात जळका वास शिरला. समोरच्या ब्लॉकचे वरचे मजले पुसट झाले होते. खाली दोन आज्या मास्क लावून बाजाराला निघाल्या होत्या. म्हटलं, आला मेला परत! सिंगापूरला ऋतूच नाहीत, असं इथे नवीन आलेला प्रत्येक जण पहिल्या वर्षी तोंड वर करून सांगतो. मी अठरा वर्षं सेरंगूनमध्ये राहतेय, मला विचारा. इथे धुराचा मोसम असतो. समुद्रापलीकडे कुणीतरी रान जाळून जमीन मोकळी करतं, वारा फिरतो, आणि आम्ही इथे खिडक्या लावून मोबाइलवर हवेचा आकडा बघत बसतो. दर वर्षी येत नाही. पण येतो तेव्हा नेमका पोरांच्या परीक्षांच्या तोंडावर येतो.

सगळे धुरावर चिडतात. मीही चिडते, पण माझं चिडणं वेगळं आहे. हा वास आला की मला एक विशिष्ट वर्ष आठवतं, आणि त्या वर्षातली मी आठवते. त्या बाईला समोर उभी करून दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटतं.

त्या वर्षी माझी मुलगी इरा सहावीत होती. पीएसएलई, म्हणजे प्राथमिक शाळेची इथली शेवटची बोर्डाची परीक्षा. ज्यांनी ती परीक्षा घरात भोगली नाही त्यांना सांगून कळणार नाही. जेवणाचं टेबल म्हणजे तिचं रणांगण, आणि त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला माझा लॅपटॉप. त्यावर एका अशा कुटुंबाची वंशावळ, ज्याला मी कधी पाहिलंही नव्हतं. ते कुटुंब वांडाचं.

वांडा आमच्या दोन मजले खाली राहायची. बुकित तिमाहच्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत जीवशास्त्र शिकवायची. अमेरिकेच्या दक्षिणेतली, काळी, पंचावन्नच्या आसपासची, आणि आवाज असा की लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत तीन मजल्यांना गुड मॉर्निंग पोचायचं. शाळेजवळचा कॉन्डो सोडून ती आमच्या ब्लॉकमध्ये आली, कारण मागच्या सामुदायिक बागेत तिला एक वाफा मिळाला होता. माझा वाफा शेजारचा. माझा नवरा आनंद तिला घाबरून असायचा. "आली का तुझी वांधा?" म्हणायचा. मी डोळे वटारायची, आणि हसायचीही.

तिनं पहिल्यांदा वेल लावला तेव्हा मी म्हटलं, ही तर चवळी. ती म्हणाली, हे आमचं. मी म्हटलं, आमचं! भेंडीवरूनही तेच झालं. भांडता भांडता मैत्री झाली. एकदा मी तिला सांगितलं की आमच्याकडे शेतजमिनीला काळी म्हणतात आणि गाव जिथे वसतं त्या जागेला पांढरी. काळीत राबायचं, पांढरीत राहायचं. वांडानं खुरपं खाली ठेवलं आणि म्हणाली, "आमच्याकडेही अगदी तसंच होतं गं." आणि मग असं हसली की बाकीचे वाफेवाले बघायला लागले. मला हसावं की नाही ते कळेना.

तिची आई, मिस एस्टेल, तेव्हा ब्याऐंशीची होती आणि शेत करत होती. साठ एकर, एका कडेला तळं. तळ्याच्या पाण्यावर भाजी, वर भुईमूग आणि रताळी. ही जमीन वांडाच्या आजोबांनी, आयझायांनी, घेतलेली. आयझायांनी मृत्युपत्र केलं नाही. का केलं नाही? कारण त्या कचेरीत काळ्या माणसाला मागच्या दारानं जावं लागायचं, आणि आत गेल्यावर जे कागद हातात द्यायचे ते कशाचे आहेत हे सांगायचे नाहीत. त्या इमारतीत पाय ठेवायचा नाही, असं त्यांनी ठरवलं आणि पाळलं. त्यांच्यासारखे कितीतरी. मग जमीन सगळ्या वारसांची सामायिक. नऊ मुलं, त्यांची मुलं, त्यांची मुलं. आता त्यातल्या कुणी एकानं आपला हिस्सा विकला की घेणारा कोर्टात जाऊन म्हणू शकतो, वाटणी करा, नाहीतर अख्खी जमीन विकायला काढा. झालंही तसंच. ज्यानं ती जमीन जन्मात पाहिली नव्हती अशा एका नातवाला घरं बांधणाऱ्या एका कंपनीनं गाठलं, त्याचा हिस्सा घेतला आणि कोर्टात दावा लावला.

हे वांडानं मला सांगितलं तेव्हा मी काय म्हटलं असेल? "हात्तिच्या! म्हणजे सातबाऱ्याची भानगड." मला वाटलं, मला सगळं कळलं. माझी कोरेगावकडची चार एकर, माझे वडील, तलाठी, वारसनोंद, सगळं डोळ्यासमोरून गेलं. कळल्याचा केवढा तो माज.

तिच्या गावात शेतकऱ्यांची एक सहकारी संस्था होती. चर्चच्या हॉलमध्ये दर शुक्रवारी संध्याकाळी शिबिर भरायचं. म्हणजे आमची शनिवारची सकाळ. तिथे म्हाताऱ्या शेतकऱ्यांना मृत्युपत्र कसं करायचं ते शिकवायचे, कागद लावून द्यायचे, आणि कायदा बदला म्हणून राज्याच्या सभागृहासमोर जाऊन बोलायचे. तीन तालुक्यांना मिळून वकीलबाई एकच, तीही तिशीतली. वांडा दर शनिवारी सकाळी सातला इथून व्हिडिओवर हजर. हळूहळू मीही तिच्या शेजारी बसायला लागले. मिस एस्टेल स्क्रीनमध्ये डोकं घालून विचारायच्या, "तुमच्याकडे पाऊस आहे का?" मी म्हणायची, धूर आहे. "कुणाचं शेत जळतंय?" त्या विचारायच्या. इतका साधा प्रश्न, पण इथल्या कुणाला पडलेला मी ऐकला नव्हता.

कायदा बदलण्यासाठी पत्रं हवी होती, आणि नावं टाइप करायला माणसं. मी म्हटलं, आपली मराठी मंडळी आहेत की! गणपतीनंतरचं स्नेहसंमेलन बुकित तिमाहच्या एका कॉन्डोच्या हॉलमध्ये होतं. मी ग्रुपवर आधीच निरोप टाकला होता : काळ्या शेतकऱ्यांसाठी मदत हवी आहे. खाली पहिलं उत्तर आलं, "काळे म्हणजे आपले नगरचे काळे का?" आणि त्याखाली हसऱ्या तोंडांची रांग. ठीक आहे. मीही हसले असते दुसऱ्या कुणाच्या निरोपावर.

पण हॉलमध्ये मी उभी राहून सगळं सांगितल्यावर आमचे सुहासराव, हातात वड्याची प्लेट, म्हणाले, "मंजिरी, कौतुक आहे तुझं. पण आपल्या शेतकऱ्यांचं काय? ते सोडून ही अमेरिकेची उठाठेव कशाला?"

"आपल्या शेतकऱ्यांसाठी तुम्ही काय करताय?" मी विचारलं.

"अगं, आपण इथून काय करणार!"

आणि पुढच्या दहा मिनिटांत हेच सुहासराव शेजारच्याला मावळातल्या आपल्या फार्महाऊसची गोष्ट सांगत होते. "नऊ भाऊ होते. आठ अडून बसलेले. मी नवव्याला गाठला. त्याची सही झाली म्हटल्यावर बाकीचे आले गुमान." लोक माना डोलवत होते. वा, वा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "सुहासराव, हेच. ह्याच्याविरुद्ध पत्र लिहायचं आहे. अगदी ह्याच्याविरुद्ध." त्यांना कळलंच नाही. "तू दमलीयस, वडा घे," म्हणाले. त्या दिवशी मला एकही पत्र मिळालं नाही. एक बाई मात्र दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "ते लोक मेहनत करतात का पण? ऐकलं ते वेगळंच." मी तशीच निघाले. त्या लोकांनी मेहनत किती केली हे ज्याला विचारावं लागतं, त्याला सांगून उपयोग काय?

इथवरचा राग सोपा आहे. दुसऱ्यावरचा आहे. त्यात मी किती चांगली दिसते बघा.

वंशावळ करायचं काम मी स्वतःहून मागून घेतलं. आंग मो किओला एका कंपनीत माझं कामच ते, विस्कटलेली माहिती नीट मांडणं. वांडानं घरच्या बायबलमधल्या पानांचे फोटो पाठवले. त्यात पिढ्यान्‌पिढ्यांचे जन्म, लग्नं, मृत्यू शाईनं लिहिलेले. मी ऐटीत म्हटलं, दे इकडे, दोन आठवड्यांत करते. केलंही. आयझाया सर्वांत वर. खाली नऊ मुलं, चार मुलगे, पाच मुली. मुलग्यांच्या शाखा खाली खाली उतरत गेल्या, एकेक नातू, पणतू, पत्त्यासकट. मिस एस्टेल सर्वांत धाकट्या, त्यांच्याखाली वांडा. सुंदर दिसत होतं. वांडानं आपलं आणि आईचं नाव पाहिलं, मला मिठी मारली आणि ते तिकडे पाठवलं. त्या यादीवरून वकीलबाईंनी सगळ्या वारसांना पत्रं धाडली, की जमीन विकायला आमची ना आहे, एवढं लिहून सही करा. जितक्या सह्या जास्त, तितकं कोर्टासमोर वजन जास्त.

पाच आठवडे गेले. बाहेर धूर इतका दाट झाला की इराच्या शाळेत खेळाचा तास बंद. ती टेबलावर गणितं सोडवून कंटाळली होती. माझ्या लॅपटॉपमध्ये डोकावून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, व्हाय ऑल द गर्ल्स गॉट नो चिल्ड्रन वन?"

"काय?"

"ही रूबी, ही मॅटी, लुसिल, पर्ल. बॉइजना सगळ्यांना मुलं आहेत. गर्ल्सना मिस एस्टेल सोडून कुणालाच नाहीत. सो वीअर्ड, लाह."

मी बघितलं. चार मुली. चार चौकटी. प्रत्येकीच्या नावाखाली मी इंग्रजीत एकच शब्द लिहिला होता. मॅरिड. आणि खाली रेघ नाही. शाखा बंद.

मला कुणी सांगितलं नव्हतं असं करायला. बायबलच्या पानांवर त्यांची मुलं लिहिलेली होती, स्वच्छ अक्षरात. मी ती वाचलीही असणार. पण हात आपोआप तसाच चालला, जसा आमच्याकडे वंशावळ काढताना प्रत्येकाचा चालतो. मुलगी आली की 'विवाहित' लिहायचं आणि पुढच्या भावाकडे वळायचं. माझ्या वडिलांच्या वारसनोंदीच्या वेळी कुणीतरी काढलेल्या वंशावळीत मी अशीच होते, मंजिरी, विवाहित, बंद. कायद्यानं मुलीचा हक्क आहे, म्हणून तर मागून हक्कसोड लिहून घेतात. त्या धुराच्या वर्षाच्या दोन वर्षं आधी मी गावी जाऊन ते लिहून दिलं होतं. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अंगठा, फोटो, सही. त्या कागदात 'स्वखुशीने' असा शब्द असतो. फोटोत मी हसतेय. मग धाकट्या भावानं, नितीननं, मला साडी नेसवली आणि आम्ही सगळ्यांनी मिसळ खाल्ली. मला वाटलं होतं, मी किती मोठ्या मनाची.

आणि तिकडे वकीलबाईंनी माझ्या बंद चौकटीचा अर्थ घेतला, वंश संपला. त्यांची काय चूक? बंद चौकटीचा अर्थ तोच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत गेले. वांडा मास्क लावून चवळीच्या शेंगा काढत होती. मी सगळं सांगितलं, एका दमात. ती मास्क खाली ओढून म्हणाली, "मंजू, माझी आई मुलगी आहे."

"हो."

"मग तिला का ठेवलंस?"

"ती... शेत करते म्हणून. मला माहीत होती म्हणून."

"रूबी नऊ वर्षांची असताना त्या तळ्यातून पाणी वाहायची. डेट्रॉइटला गेली तरी तीस वर्षं दर उन्हाळ्यात काढणीला यायची. आई तिच्या हाताखाली शेती शिकली. कंपनीनं तिचं नाव पुसलं असतं तर मला नवल वाटलं नसतं. तू?"

ह्या 'तू'ला मी आजपर्यंत उत्तर शोधतेय. मी रडायला लागले तर म्हणाली, "ते नंतर. आधी फोन लाव." मग आम्ही फोन लावत सुटलो. ऑफिसातून सुट्टी घेतली. इराची परीक्षा त्याच आठवड्यात होती, आनंदनं तिला सांभाळलं, आणि एका शब्दानं मला बोलला नाही. मॅटीची मुलं सापडली, लुसिलची नात सापडली, पर्लचे तिन्ही जावई वारलेले पण मुली खणखणीत. एकेकीला सांगावं लागलं, आणि एकेकीनं तेच म्हटलं : विकायची नाही, कागद पाठवा. एकीही मागे हटली नाही.

रूबी एक्क्याण्णव वर्षांची होती. फोनवर तिचा आवाज अगदी वांडासारखा. "इतके दिवस कुठे होतात?" तिनं विचारलं. "मी वाट बघत होते, मला कुणी विचारेल म्हणून." वांडानं माझ्याकडे पाहिलं नाही. कागद निघाला. गुरुवारी पोचला. रूबी सोमवारी गेली होती.

तिचा हिस्सा तिच्या दोन मुलांकडे गेला. मुलगेच दोघंही. थोरल्यानं सही केली. धाकट्याला कंपनीचा माणूस अंत्यविधीच्या आठवड्यातच भेटला, आणि त्यानं हिस्सा विकला.

अख्खी जमीन विक्रीला निघाली नाही, ते त्या मुलींच्या वारसांच्या सह्यांमुळे. पण वकीलबाई म्हणाल्या होत्या की कंपनीकडे एकच हिस्सा असता तर रस्त्याकडेचा कोपरा देऊन भागलं असतं. दोन झाल्यावर कोर्टानं तोडून दिला तो तळ्याकाठचा तुकडा. पाणी गेलं. मिस एस्टेलची भाजी त्या वर्षी संपली. वकीलबाईंनी मला मेल लिहिला, की स्वतःला दोष देऊ नका, कदाचित तसंही हेच झालं असतं. कदाचित. पाच आठवडे आधी पत्र गेलं असतं तर रूबी जिवंत होती, शुद्धीत होती, सहीबरोबर मृत्युपत्रही करू शकली असती, आणि वाट बघत होती. हे त्या 'कदाचित'मध्ये कुठे बसवू मी?

त्या दिवसांत मी नितीनला फोन केला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. म्हटलं, "नितीन, मी ते लिहून द्यायला नको होतं." तो म्हणाला, "ताई, मी कुठे जबरदस्ती केली? तूच हसत हसत सही केलीस." खरं बोलला. त्याच्यावर ओरडायलाही जागा नाही. सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो, की आपल्याकडून काढून घेताना कुणाला काही करावंच लागत नाही, आपण फोटोत हसतो. पुढे काय? काही नाही. तो कागद नोंदलेला आहे. मी गावी जाते, भाऊ प्रेमानं करतो, वहिनी निघताना ओटी भरते. शेतात गेले की मी पाहुणी असते.

वांडा वर्षअखेरीस परत गेली, आईजवळ. निघताना चवळीचं बी मला देऊन गेली, पण बोलली थोडंच. दीड वर्ष काही नाही. मग एक दिवस निरोप आला : "शुक्रवारच्या शिबिराला वंशावळी करणारं कुणी नाही. तू येतेस का? माफ केलंय असं समजू नकोस. काम आहे." मी लगेच हो म्हटलं. तेव्हापासून शनिवारी सकाळी सातला मी टेबलाशी बसते. मिस एस्टेल आता सत्त्याऐंशीच्या, तिकडे पहिल्या खुर्चीवर. मागच्या वर्षी राज्याच्या सभागृहात काठी टेकत उभ्या राहिल्या आणि कायद्याविषयी बोलल्या. वेळ संपला म्हणून सांगितलं तर म्हणाल्या, माझा नाही संपला. आमदारांतले काही हसले. कायदा अजून अडकलेलाच आहे. त्या पुन्हा जाणार आहेत.

परवाच्या शनिवारी खिडक्या लावून बसले होते. स्क्रीनवर एक नवे आजोबा आले, मिस्टर लायनेल, डोक्यावर टोपी, हात मोठे आणि चिरलेले. चाळीस एकर, मृत्युपत्र नाही. कंपनीची माणसं दोनदा फाटकाशी येऊन गेलेली. वांडा मागे कागद लावत होती. मी म्हटलं, मुलांची नावं सांगा. त्यांनी चार मुलगे सांगितले, जन्मतारखांसकट, अभिमानानं. मी लिहून घेतले. मग विचारलं.

"आणि मुली?"

"तीन आहेत, मॅडम. पण त्यांची लग्नं झाली. त्या आपापल्या घरी गेल्या."

तिकडे हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. वांडाचे कागद लावणारे हात थांबले.

"लग्नं झाली," मी म्हटलं. "मग? मेल्या का त्या?"

ऐंशीच्या माणसाशी असं बोलू नये, मला कळतं. त्यांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

"नाही, मॅडम."

"मग नावं सांगा. थोरलीपासून."